चाळणीवर उरलेला कोंडा टाकू नका

कीटकनाशक अवशेषांच्या प्रयोगशाळेत रुजू झालो तेव्हा माझं सगळं लक्ष मास स्पेक्ट्रोमीटरकडे, म्हणजे रसायनं ओळखून मोजणाऱ्या मशीनकडे होतं. वाट्याला आलं ते धान्य दळायचं काम. आता नव्याने येणाऱ्यांना मीही आधी तेच देतो, कारण दळताना झालेली चूक मशीनला दिसत नाही. व्हायलमध्ये, म्हणजे अर्काच्या छोट्या बाटलीत, काय आहे ते मशीन सांगतं. ती व्हायल त्या धान्याची खरी प्रतिनिधी आहे का, ते फक्त आपणच पाहू शकतो.

माझी पहिली मोठी चूक गव्हाच्या नमुन्यात झाली. पीठ १ मिलिमीटरच्या चाळणीतून काढायचं होतं. बरंचसं खाली गेलं, वर कोंडा उरला, तो मी टाकून दिला. आमच्या ज्येष्ठ मॅडमनी रिकामी चाळणी बघून विचारलं, "वरचं कुठे गेलं?" मग त्यांनी शेजारी बसवून समजावलं. साठवणीत किडीसाठी वापरलेलं मॅलॅथिऑन, पिरिमिफॉस-मिथाइल किंवा डेल्टामेथ्रिन दाण्याच्या बाहेरच्या थरांत जास्त असतं, म्हणजे कोंड्यातच. मी नेमका तोच भाग फेकला होता. शिवाय गव्हाची अवशेष मर्यादा अख्ख्या दाण्यासाठी ठरवलेली असते, मैद्यासाठी नाही. राखीव भागातून मी पुन्हा दळलं. चाळणीवर उरलेलं परत गिरणीत घालत राहिलो, सगळं खाली उतरेपर्यंत. त्या पिठात अवशेष ठळकपणे जास्त निघाले.

दळण्याच्या आधीची पायरी नमुना विभागण्याची. कोडेक्सच्या (आंतरराष्ट्रीय अन्न मानकांच्या) नमुना पद्धतीप्रमाणे प्रयोगशाळेत किमान १ किलो धान्य यायला हवं. गव्हाचे ते साधारण २५ हजार दाणे, आणि आपण काढणार ५ ग्रॅम, म्हणजे जेमतेम सव्वाशे दाण्यांइतकं पीठ. पिशवी हलली की धूळ आणि चुरा तळाशी बसतो, म्हणून वरून ओंजळभर उचलणं चालत नाही. ढीग करून, सपाट करून चार भाग पाडा, समोरासमोरचे दोन घ्या, पुन्हा तसंच करा. विभाजक यंत्र असेल तर उत्तमच. धान्य धुऊ नका, पाखडू नका.

गिरणी सलग चालवली की पीठ तापतं आणि डायक्लोरव्हॉससारखी उडून जाणारी रसायनं हातची जातात. धान्य आधी गोठवा, थांबत थांबत दळा, शक्य असेल तर कोरडा बर्फ वापरा. दोन नमुन्यांच्या मध्ये गिरणी साफ करून अवशेषमुक्त धान्य दळून घ्या. युरोपात जिथे वेगळी मर्यादा ठरवलेली नाही तिथे लागू होणारी अवशेष मर्यादा ०.०१ मिलिग्रॅम प्रति किलो आहे, म्हणजे १०० टन धान्यात १ ग्रॅम. इतक्या बारीक मोजमापात पात्याला चिकटलेलं आधीचं पीठही निकाल बिघडवतं.

एक अपवाद सुरुवातीलाच पाठ करा. मॅन्कोझेबसारखी डायथायोकार्बामेट बुरशीनाशकं दळताना मोडतात आणि कोठारातल्या धुरीचा फॉस्फिन वायू निसटून जातो. या दोन्हींसाठी नमुना दळण्याआधीच वेगळा काढावा लागतो.

पुढचं काम, म्हणजे पिठातलं कीटकनाशक द्रावकात काढून घेणं, बहुतेक ठिकाणी क्वेचर्स पद्धतीने चालतं. ही पद्धत २००३ मध्ये प्रसिद्ध झाली, ती प्रामुख्याने फळं-भाज्यांसाठी, ज्यांत पाणी भरपूर असतं. धान्य कोरडं, म्हणून ५ ग्रॅम पिठात आधी १० मिलिलिटर पाणी घालून भिजू द्यायचं आणि मगच १० मिलिलिटर अ‍ॅसिटोनायट्राइल हे द्रावक. घाईत ही भिजवण टाळली जाते आणि तिचा फटका लपलेला राहतो. पद्धत तपासायला कोऱ्या, अवशेषमुक्त पिठात आपण स्वतः घातलेलं कीटकनाशक पृष्ठभागावरच असतं, त्यामुळे रिकव्हरी, म्हणजे घातलेल्यापैकी परत सापडलेला भाग, ७० ते १२० टक्क्यांत बसते आणि सगळं ठीक वाटतं. शेतात किंवा कोठारात दाण्यात मुरलेलं मात्र आतच राहतं. भिजवण्याची वेळ मी म्हणूनच वहीत लिहायला लावतो.

त्यानंतर घालायचं मीठ म्हणजे मॅग्नेशियम सल्फेट; ते पाणी धरताना तापतं आणि त्याचे खडे होतात. मीठ पडताच झाकण लावून जोरात हलवा. सगळ्या ट्यूबमध्ये मीठ घालून मग हलवायला घेतल्या, तर पहिलीत गोळा झालेला असतो.

अर्काच्या शुद्धीकरणात पीएसए ही शोषक पावडर वापरतो, ते तेलातली फॅटी आम्लं पकडतं. पण २,४-डीसारखी आम्लधर्मी तणनाशकंही तेच पकडतं, त्यामुळे त्यांच्यासाठी अर्काचा भाग पीएसएच्या आधी बाजूला काढा. ग्लायफोसेट या पद्धतीत येतच नाही. त्याची चाचणी वेगळी असते.

उरलेलं पीठ लेबल लावून उणे २० अंशांवर ठेवा. लेबल ट्यूबवर लावा, झाकणावर नको, झाकणं बदलतात.