चॅनल रिकामा आहे, हे ठरवायचं कुणी?

एआय वापरून स्पेक्ट्रम, म्हणजे रेडिओ लहरींचा पल्ला, वाटून घेण्यावर प्रोजेक्ट करायचं मनात असेल, तर मॉडेलपासून, म्हणजे चॅनल रिकामा आहे का हे डेटावरून शिकून सांगणाऱ्या प्रोग्रामपासून, सुरुवात करू नका. आधी महिनाभर नुसतं ऐका. मी उलटं केलं आणि त्यात एक सेमिस्टर गेलं.

ज्याच्या नावावर बँड, म्हणजे या पल्ल्यातला एक पट्टा, असतो तो चोवीस तास, सगळीकडे तो वापरत नसतो. ती मोकळी वेळ ओळखून दुसऱ्याने तिथे बोलायचं, मालक आला की लगेच बाजूला व्हायचं. जोसेफ मितोला यांनी १९९९ मध्ये अशा रेडिओला ‘कॉग्निटिव्ह रेडिओ’ म्हटलं.

घोडं अडतं ते ‘मोकळं’ ओळखण्यात. आमचं घर रत्नागिरीजवळ, सड्याखाली (सडा म्हणजे कातळाचं पठार) खाडीच्या कडेला. आरटीएल-एसडीआर डोंगल (कम्प्युटरला लावायचा छोटा रेडिओ रिसीव्हर) आणि जीएनयू रेडिओ हे सॉफ्टवेअर घेऊन मी सरावासाठी एफएमचा ८८ ते १०८ मेगाहर्ट्झचा पट्टा नोंदवू लागलो. परसात मॉडेलने रिकामा ठरवलेला चॅनल सड्यावर चढलो की खणखणीत वाजायचा! मध्ये डोंगर होता, एवढंच. याला हिडन नोड म्हणतात. म्हणून एका सेन्सरच्या भरवशावर ट्रान्समिट करायचं नसतं. वरचे-खालचे चार-पाच सेन्सर मिळून ठरवतात. अमेरिकेत ३.५५ ते ३.७ गिगाहर्ट्झमध्ये नौदलाची रडार ओळखायला किनाऱ्यावर सेन्सर लावलेत. रडार दिसलं की मध्यवर्ती यंत्रणा इतरांना त्या चॅनलवरून हलवते. किनाऱ्यावरच्या आपल्या मुलांनी ही यंत्रणा मुळापासून अभ्यासावी असं मला मनापासून वाटतं.

दुसरी चूक जास्त महागात पडली. एकाच संध्याकाळच्या रेकॉर्डिंगचे तुकडे मी ट्रेनिंग (मॉडेलला शिकवायचा डेटा) आणि टेस्टमध्ये (त्याला तपासायचा डेटा) मिसळले. अचूकता बघून सरही खूश झाले. मे महिन्यात मात्र मॉडेल कोसळलं. उन्हाळ्यात समुद्रालगतच्या दमट हवेवर गरम, कोरडी हवा झाकणासारखी बसते. लहरी त्या थरात कोंडून शेकडो किलोमीटर जातात आणि रिकाम्या चॅनलवर लांबची स्टेशनं उमटतात. मॉडेलने असा दिवस पाहिलाच नव्हता. मग मी वाटणी दिवसांप्रमाणे केली, टेस्टचे दिवस पूर्ण बाजूला ठेवले. आकडा उतरला, पण खरा होता. नोकरीच्या मुलाखतीत सगळ्यात जास्त प्रश्न त्यावरच आले.

रेडिओएमएल या रेडिओ सिग्नलच्या तयार डेटासेटवर हात जरूर बसवा; त्याची २०१६ ची आवृत्ती सिम्युलेशनमधून बनलेली आहे, हे लक्षात असू द्या. प्रॉबॅबिलिटी आणि फूरिए (सिग्नल फ्रिक्वेन्सींमध्ये मोडायचं गणित) पक्कं करा, पायथॉन ओघाने येतं. परवान्याशिवाय हवेत काही सोडू नका. प्रयोगशाळेत दोन रेडिओ जोडताना मध्ये केबल आणि सिग्नल क्षीण करणारा अ‍ॅटेन्युएटर लावा. वहीत तारीख, वेळ, अँटेनाची जागा आणि हवा कशी होती ते रोज लिहा. आणि मिरगाच्या आधी गडगडायला लागलं की अँटेना खाली उतरवून ठेवा.