सह्याद्रीतील जुन्या विमान अपघाताचा अभ्यास कसा करावा

जुन्नरच्या डोंगरात अलितालिया या इटालियन कंपनीचे डीसी-८ जातीचे जेट विमान आदळून त्यातील सर्व ९४ जण मृत्युमुखी पडले, त्या अपघाताची तारीख काही नोंदींत ६ जुलै १९६२ अशी सापडते, तर काहींत ७ जुलै १९६२ अशी. दोन्ही तारखा बरोबर आहेत. विमान आदळले तेव्हा ग्रिनिच वेळेनुसार सायंकाळचे सुमारे ६ वाजून ४० मिनिटे झाली होती. त्यात साडेपाच तास मिळवले की भारतीय प्रमाणवेळेनुसार मध्यरात्र उलटून दहा मिनिटे होतात आणि दिवस बदलतो. विमानविषयक नोंदी ग्रिनिच वेळेत ठेवण्याची पद्धत असल्यामुळे ही गफलत वारंवार होते. म्हणून अभ्यासाच्या वहीत पहिल्याच पानावर दोन रकाने आखावेत, एक ग्रिनिच वेळेचा आणि दुसरा स्थानिक वेळेचा, आणि कोणतीही वेळ कोणत्या रकान्यातली हे ठरल्याशिवाय ती लिहू नये.

१९४९ च्या अपघातासाठी तिसराही रकाना लागतो. त्या वर्षी १२ जुलैला केएलएम या डच कंपनीचे ‘फ्रानेकर’ नावाचे कॉन्स्टेलेशन विमान सांताक्रूझला उतरण्याच्या प्रयत्नात असताना पावसाळी ढगांत घाटकोपरच्या टेकडीवर आदळले आणि ४५ जण ठार झाले. त्यांत इंडोनेशियाचा दौरा आटोपून परतणारे १३ अमेरिकी पत्रकार होते. पुलित्झर पारितोषिक विजेते एच. आर. निकरबॉकर हे त्यांपैकी एक. मुंबई शहरात त्या काळी भारतीय प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटे मागे असलेला ‘मुंबई टाइम’ अजून पुरता हद्दपार झालेला नव्हता. त्यामुळे एखाद्या जुन्या बातमीतील वेळ अधिकृत वेळेशी सुमारे पाऊण तासाने जुळेनाशी झाली, तर बातमीदाराला दोष देण्यापूर्वी ही वजाबाकी करून पाहावी.

वेळेनंतर जागा निश्चित करावी, आणि येथे मराठी वाचकाला परदेशी अभ्यासकापेक्षा मोठा फायदा आहे. जुन्नरच्या अपघाताच्या नोंदीत टेकडीचे नाव रोमन लिपीत आले आहे. आपण ते ‘दवंड्याची’ किंवा ‘दावंड्याची’ असे वाचू. हे नामाचे षष्ठीचे रूप आहे आणि त्यापुढे ‘टेकडी’, ‘पड’ किंवा ‘सोंड’ असा एखादा शब्द गळला असावा, हे मराठी कानाला लगेच कळते. रोममध्ये बसून अहवाल वाचणाऱ्याला ते कळणे अवघड आहे. पुण्याहून मुंबईला निघालेले इंडियन एअरलाइन्सचे ॲव्हरो विमान ४ ऑगस्ट १९७९ रोजी पनवेलजवळच्या टेकड्यांवर आदळून ४५ जण गेले, त्या टेकड्यांचे नाव इंग्रजी नोंदींत ‘किरोली’ असे येते. अशा वेळी तालुक्याच्या गावयादीतून त्या नावाशी जुळणारी सगळी गावे काढावीत, विमानाच्या मार्गापासून दूर असलेली खोडावीत आणि उरलेल्या गावांत प्रत्यक्ष विचारणा करावी. इंग्रजी नावाचे परत मराठीत लिप्यंतर करून ते बिनदिक्कत छापणे, हा या विषयातील सर्वांत सर्रास आढळणारा दोष आहे.

नकाशासाठी सर्व्हे ऑफ इंडियाच्या टोपोशीटला, म्हणजे जमिनीचा चढउतार दाखवणाऱ्या पत्रकाला, पर्याय नाही. जुन्नरचा डोंगराळ भाग ४७-ई या मालिकेच्या पत्रकांत येतो. जुन्या, एका इंचाला एक मैल प्रमाणाच्या पत्रकांवर उंची फुटांत असते आणि नव्या १:५०,००० च्या पत्रकांवर ती मीटरमध्ये असते. दोन्ही शेजारी ठेवून वाचताना डोळा फसतो, म्हणून हव्या त्या शिखरांची उंची पेन्सिलीने फुटांत लिहून ठेवावी, कारण वैमानिकाचे बोलणे फुटांत चालते. अंतराच्या एककाबाबत याहून अधिक सावध राहावे. जुन्नरचा अपघात मुंबईपासून ५२ मैलांवर झाला असे वाचल्यावर ते साधे मैल धरले तर ८४ किलोमीटर होतात, आणि सागरी मैल धरले तर ९६. बारा किलोमीटरच्या या फरकात सह्याद्रीत दोन-तीन खोरी सहज मावतात आणि शोध घेणारा भलत्याच गावात पोहोचतो. या प्रसंगी नोंदींतून ८४ किलोमीटर हाच आकडा येतो, तेव्हा ते मैल साधे समजावेत.

आता उंचीचा आणि मार्गाचा एकत्र विचार करावा, कारण या अपघातांचे मर्म तेथे आहे. अलितालियाचे विमान सिडनीहून रोमकडे जाताना बँकॉकहून मुंबईला येत होते, म्हणजे ते पूर्वेकडून, दख्खनच्या पठारावरून घाटमाथ्याकडे सरकत होते. या दिशेने येणाऱ्याला डोंगर एकाएकी लागत नाहीत; पठार हळूहळू डोंगरांच्या रांगांत मिसळते आणि सर्वांत उंच जमीन अगदी शेवटी, कोकणात उतरण्याच्या तोंडाशी उभी असते. हरिश्चंद्रगड १,४२४ मीटर, म्हणजे जवळजवळ ४,७०० फूट उंच आहे, आणि नाणेघाटाची कड ओलांडली की जमीन एकदम हजारो फूट खाली जाते. ताशी ४०० किलोमीटर वेगाने ८४ किलोमीटर कापायला साडेबारा मिनिटे लागतात. कोकणावर पोहोचल्यावर जी उंची पुरेशी आहे तीच त्याआधी काही मिनिटे प्राणघातक आहे, ही गोष्ट कागदावर पटत नसेल तर मुंबईपासून जुन्नरपर्यंत नकाशावर एक सरळ रेषा ओढून, तिच्या प्रत्येक पाच किलोमीटरवरील जमिनीची उंची आलेख कागदावर मांडावी. अर्ध्या तासाचे काम आहे. कोकणाची सपाट रेघ, मग भिंतीसारखी चढलेली कड आणि तिच्यामागचे दातेरी पठार असे चित्र उभे राहिले की चौकशीचा निष्कर्ष वेगळ्याच अर्थाने वाचता येतो.

तो निष्कर्ष असा होता: मार्गनिर्धारणातील चुकीमुळे वैमानिकाला आपण विमानतळाच्या प्रत्यक्षापेक्षा अधिक जवळ आहोत असे वाटले आणि रात्रीच्या वेळी, बाहेरचे काही दिसत नसताना, त्याने विमान वेळेआधी खाली आणले. आपले स्थान पडताळण्यासाठी उपलब्ध असलेल्या साधनांचा उपयोग न करणे, ठरवून दिलेल्या किमान सुरक्षित उंचीखाली जाणे आणि मार्गावरील भूभागाचा परिचय नसणे, ही त्याला हातभार लावणारी कारणे म्हणून नोंदली गेली. पुष्कळ लेखक यातील पहिले वाक्य उचलतात आणि ‘वैमानिकाची चूक’ एवढे लिहून मोकळे होतात. माझ्या मते खरे वाचन कारणांच्या या दुसऱ्या यादीपासून सुरू होते: कोणती साधने तेव्हा होती, कोणती नव्हती, आणि वैमानिकाला त्या क्षणी काय ठाऊक होते. खालची जमीन वेगाने जवळ येत असल्याचा इशारा देणारे यंत्र मोठ्या प्रवासी विमानांत सक्तीचे करण्याचा निर्णय अमेरिकेतसुद्धा १९७४ च्या अखेरीस झाला. १९६२ च्या वैमानिकाला ते यंत्र का ऐकू आले नाही, असा प्रश्न अर्थातच विचारता येत नाही.

उंचीमापकाचे गणितही एकदा स्वतः करून पाहावे. हे यंत्र खरे तर हवेचा दाब मोजते आणि तो फुटांत दाखवते. प्रमाण दाब १,०१३ हेक्टोपास्कल धरलेला असतो. जुलैत कोकण किनाऱ्यावर तो १,००३ च्या आसपास उतरणे नवलाचे नाही. समुद्रसपाटीजवळ एका हेक्टोपास्कलमागे सुमारे २७ फूट पडतात, म्हणजे यंत्र स्थानिक दाबावर जुळवून घेतले नाही तर विमान प्रत्यक्षात असते त्यापेक्षा ते पावणेतीनशे फूट उंच असल्याचे दिसते. जुन्नरच्या अपघाताचे कारण हे होते असे मुळीच नाही. परंतु पावसाळ्यातील कोणत्याही अहवालात दाबाचा आकडा दिसला की तो ओलांडून पुढे जाऊ नये.

मूळ कागद शोधताना १९५१ हे वर्ष लक्षात ठेवावे. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने अपघात-चौकशीचे समान नियम त्या वर्षी स्वीकारले, आणि त्यानंतरच्या पुष्कळ चौकश्यांचे सारांश तिच्या संकलनांत वाचायला मिळतात. भारतातील चौकशीची चौकट त्या काळी १९३७ च्या विमान नियमांत होती. त्यामुळे अभिलेखागारात नुसता ‘अपघात’ हा शब्द न शोधता नागरी विमान वाहतूक खात्याच्या त्या त्या वर्षाच्या फायली मागाव्यात. वृत्तपत्रे तारखेपासून निदान पंधरा दिवस पुढपर्यंत चाळावीत. पनवेलच्या अपघातासाठी मात्र पहिला आठवडा बारकाईने पाहावा, कारण ११ ऑगस्ट १९७९ ला गुजरातेतील मोरवीचे धरण फुटले आणि साऱ्या देशाचे लक्ष तिकडे वळले.

कागदांच्या बाबतीत एक जुना धडा येथे उपयोगी पडतो. १३ डिसेंबर १९५० रोजी निलगिरीत कोटागिरीजवळ एअर इंडियाचे डकोटा विमान डोंगरावर आदळले, त्यात संख्याशास्त्रज्ञ अब्राहम वाल्ड आणि त्यांच्या पत्नी गेल्या. ते भारतात व्याख्यानांसाठी आले होते. याच वाल्ड यांनी दुसऱ्या महायुद्धात परतलेल्या विमानांवरील गोळ्यांच्या खुणा तपासताना, न परतलेल्या विमानांचा हिशोब धरण्याची पद्धत मांडली होती. आपल्या विषयातही जे अपघात सहज सापडतात, ते परदेशी कंपन्यांचे, परदेशी प्रवाशांचे किंवा नामवंतांचे असतात. प्रशिक्षणाची छोटी विमाने आणि लष्करी विमाने यांचे कागद विरळ आहेत. तेव्हा सापडलेल्या यादीवरून ‘सह्याद्रीत इतके अपघात झाले’ असे विधान करू नये.

गावात चौकशीला जाताना सन विचारून उपयोग होत नाही. वयस्कर माणसाला ‘एकोणीसशे बासष्ट’ सांगण्यापेक्षा ‘पानशेत फुटले त्याच्या दुसऱ्या वर्षी’ असे विचारावे. पानशेत १२ जुलै १९६१ ला फुटले आणि पुणे जिल्ह्यात त्या पिढीची कालगणना त्यावरून चालते. पंचांगही हाताशी ठेवावे. जुन्नरच्या अपघाताची रात्र आषाढ शुद्ध पंचमी-षष्ठीची, म्हणजे एकादशीच्या आदल्या आठवड्यातील होती; त्या तिथीचा चंद्र मध्यरात्रीपूर्वी मावळतो. ‘चांदण्यात विमान दिसले’ असे कोणी सांगितले, तर सांगणाऱ्याला न दुखावता ते वहीत तसेच लिहावे आणि शेजारी तिथीची नोंद करावी. आपण उत्तर सुचवू नये: ‘मोठा आवाज झाला ना, आजोबा?’ असे विचारले की आजोबा होच म्हणतात. ‘त्या रात्रीचे काय आठवते?’ एवढे विचारून गप्प बसावे.

प्रत्यक्ष जागेची पाहणी नोव्हेंबर ते फेब्रुवारीत करावी, आणि जंगल राखीव असेल तर वनखात्याची परवानगी आधी घ्यावी. विमानाचा पत्रा लोखंडासारखा तांबड्या गंजाने खात नाही. तो पांढरट, खडबडीत पडतो, आणि त्यावर ठरावीक अंतराने ओळीत मारलेले रिव्हेट हाताला लागतात. असा तुकडा दिसला तर शेजारी मोजपट्टी ठेवून छायाचित्र घ्यावे, जागेचे अक्षांश-रेखांश टिपावेत आणि तुकडा तेथेच ठेवावा. लष्करी विमानाच्या जागेवर नळकांड्यासारखी कोणतीही वस्तू आढळली तर तिला हात न लावता पोलिसांना कळवावे. हाडांचा अंश दिसल्यास छायाचित्रही घेऊ नये, थेट पोलिसांकडे जावे. मृतांचे नातेवाईक दूरदेशी अजून हयात असू शकतात.

एक फेरी मात्र मुद्दाम जुलैत करावी, चढाईसाठी नव्हे. घाटमाथ्यावरील एखाद्या गावाच्या ओसरीवर बसून समोरच्या टेकडीकडे तासभर पाहत राहावे आणि ती किती मिनिटे दिसली, किती मिनिटे ढगात गेली हे घड्याळ लावून लिहावे. ढगाचा तळ टेकडीच्या कोणत्या उंचीवर टेकतो ते नकाशावरून ताडावे, आणि तो आकडा त्या अपघाताच्या हवामान-नोंदीतील आकड्याच्या शेजारी, आपल्या दोन रकान्यांच्या वहीत लिहावा.