काटा नेमकं कोणाचं तापमान दाखवतो?

आयटीआयमधून इन्स्ट्रुमेंट मेकॅनिकचा ट्रेड पूर्ण करून मी कोल्हापूर भागातल्या एका साखर कारखान्यात अप्रेंटिस म्हणून लागलो. ऑफ सीझन होता. कंट्रोल रूममध्ये बसायला मिळेल असं वाटत होतं, पण पहिल्या दिवशी समोर आले ते प्लँटवरून उतरवलेले टेंपरेचर गेज. वर तबकडी आणि काटा, खाली स्टेनलेस स्टीलची बोटाहून बारीक दांडी, म्हणजे स्टेम. साफ करायचे, तपासायचे, परत बसवायचे. ते दोन महिने मला आजही उपयोगी पडतात. या क्षेत्रात नव्याने येणाऱ्यांसाठी हे लिहितोय.

स्टेमच्या आत दोन वेगवेगळ्या धातूंची एकमेकींना पक्की चिकटवलेली पट्टी असते. पितळ आणि इन्व्हार ही पुस्तकातली ओळखीची जोडी. इन्व्हार म्हणजे सुमारे ३६ टक्के निकेल असलेलं लोखंड, तापलं तरी जवळजवळ न वाढणारं. १८९६ मध्ये गिय्योम यांनी ते शोधलं आणि निकेलच्या मिश्रधातूंवरच्या कामासाठी त्यांना १९२० चं नोबेल मिळालं. १० सेंटिमीटर पितळ १०० अंशांनी तापलं की साधारण ०.१९ मिलिमीटर वाढतं, इन्व्हार जेमतेम ०.०१. डोळ्याला हा फरक दिसत नाही. पण दोन्ही जखडलेले असल्यामुळे पितळाला मोकळं वाढता येत नाही आणि पट्टी इन्व्हारच्या बाजूला वाकते. हीच पट्टी स्प्रिंगसारखी गुंडाळली की प्रत्येक वेढ्याचं वाकणं एकात एक मिळत जातं आणि स्प्रिंगला पीळ बसतो. खालचं टोक स्टेमच्या तळाशी घट्ट, वरचं टोक बारीक शाफ्टला आणि शाफ्टवर काटा. वीज लागत नाही, बॅटरी लागत नाही. शेतातल्या पंपाचा स्टार्टर ओव्हरलोडने ट्रिप होतो, तिथेही अशीच पट्टी वाकत असते.

हंगाम सुरू झाला आणि ज्यूस हीटरवर घोळ झाला. क्लॅरिफायरला, म्हणजे रसातला गाळ खाली बसवणाऱ्या टाकीला, जाणारा रस १०२ ते १०४ अंशांपर्यंत तापवायचा असतो. एका हीटरचा गेज ९५ च्या वर जाईना. ऑपरेटर वाफेचा व्हॉल्व्ह उघडत राहिला. रस जास्त तापला की साखरेचा नाश होतो, रंगही चढतो, आणि तेच होत होतं. तो गेज मीच बदलला होता. मी तो काढून उकळत्या पाण्यात धरला, तर ९८ दाखवला. आमच्याकडे समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटर उंचीवर पाणी साधारण ९८ लाच उकळतं. म्हणजे गेज चोख होता!

आमचे सीनियर, ज्यांना सगळे मामा म्हणत, त्यांनी थर्मोवेलमध्ये, म्हणजे स्टेम ज्यात बसतो त्या रसात बुडालेल्या, तळाशी बंद नळीत, एक तार घातली, बोटाने खूण केली आणि ती स्टेमशेजारी धरली. स्टेम जवळजवळ पाच सेंटिमीटर आखूड! "काटा खोटं बोलत न्हाई. त्याला जिथं ठेवलंस, तिथलं सांगतोय," एवढंच ते म्हणाले. स्टेमचं टोक रसाच्या प्रवाहापर्यंत पोचतच नव्हतं. थर्मोवेलच्या वरच्या भागात, हवेच्या पोकळीत, ते लटकत होतं.

तापमान ओळखणारी स्प्रिंग स्टेमच्या खालच्या भागातच असते. म्हणून गेज मागवताना तबकडीच्या आकाराआधी स्टेमची लांबी बघा. थर्मोवेलची खोली स्वतः मोजा, जुन्या ड्रॉइंगवर विसंबू नका. थर्मोवेलमध्ये उष्णता वाहून नेणारी पेस्ट भरली तर काटा लवकर पोचतो. नुसत्या हवेत तो कितीतरी मिनिटं मागे राहतो.

बसवताना पाना नेहमी षटकोनी नटवर लावा. तबकडी धरून पिळणारे खूप पाहिलेत, त्याने आतला शाफ्ट तिरका होतो आणि काटा अडकायला लागतो. रेंज अशी निवडा की रोजचं तापमान स्केलच्या मधल्या भागात येईल. रेंजच्या वर वारंवार तापलेली स्प्रिंग कायमची पिळली जाते आणि थंड झाल्यावरही काटा मूळ जागी येत नाही. काट्याचा स्क्रू फिरवून झीरो जुळवता येतो, पण एकाच तापमानाला जुळवून थांबू नका. बर्फाच्या पाण्यात, उकळत्या पाण्यात आणि शक्य असेल तर ड्राय ब्लॉकमध्ये (हव्या त्या तापमानाला तापवता येणारा धातूचा ठोकळा), असं किमान तीन ठिकाणी तपासा. वाचन घेताना डोळा काट्याच्या अगदी समोर हवा. पंपाजवळ हादऱ्याने काटा थरथरत असेल, तर द्रव भरलेला गेज लावा.

तापमानाचा सिग्नल कंट्रोल रूमला पाठवणारा ट्रान्समीटर असताना हे गेज कशाला, असं नवीन पोरं विचारतात. गेज कंट्रोल रूमला सिग्नल देत नाही, हे खरं. पण वीज गेली, पडदा काळा झाला, तरी व्हॉल्व्हवर हात असलेल्या माणसाला तिथल्या तिथे आकडा दिसतो. डेअरी, औषधनिर्मिती अशा ठिकाणी तर काच आणि पारा नकोच असतो, तिथे हा गेज सुरक्षित वाटतो.

आता माझ्याकडे अप्रेंटिस येतात. ज्याला पहिला गेज देतो, त्याच्या हातात सोबत एक तार आणि टेप देतो. थर्मोवेलची खोली आणि स्टेमची लांबी, दोन्ही आकडे टॅगवर लिहून आणल्याशिवाय गेज बसवायला जाऊ देत नाही.