कोजंट हा शब्द कुठे वापरायचा आणि कुठे नाही

जळगाव-धुळ्याकडच्या अभ्यासिकांमधे इंग्रजी निबंधाची तयारी करणारी बरीच पोरं कुठल्याही दमदार मुद्द्याला सरळ स्ट्राँग पॉइंट लिहून टाकतात. चुकीचं नाहीये ते, पण तिथे कोजंट (cogent) हा नेमका शब्द आहे, तो शिकून घ्याच.

उच्चार को-जंट, जोर को वर, स्पेलिंगमधे जी आहे म्हणून कोगंट म्हणू नका. मूळ लॅटिन क्रियापद म्हणजे गुरं हाकत एका जागी आणणं, भाग पाडणं, आणि अर्थ तिथूनच आलाय, कारणं अशी एकाला एक धरून मांडायची की समोरच्याला मान्य करावंच लागतं.

आता रावेर-यावल पट्ट्यातलं उदाहरण घ्या. वादळात केळीची बाग आडवी झाली आणि अर्जात लिहिलं की आमचं फार नुकसान झालं, आमच्यावर अन्याय होतोय, तर ते खरं असेल, वाचणाऱ्याला वाईटही वाटेल, पण त्याला कोजंट म्हणत नाहीत. तेच वादळ कोणत्या तारखेला आलं, जवळच्या हवामान केंद्रावर वाऱ्याचा वेग किती नोंदला गेला, खोडं किती मोडली, पंचनाम्यात काय आलं, फोटो कधीचे, आणि यावरून भरपाई का बसते, असं ओळीने लिहिलं की ती झाली कोजंट केस. आवाज चढवायची गरजच नाही, आणि मला तर शेतकऱ्याच्या पोरांनी हे शिकणं परीक्षेपेक्षाही महत्त्वाचं वाटतं.

हा शब्द आर्ग्युमेंट, रीझन, एव्हिडन्स, केस यांच्याआधी लागतो, कोर्टाच्या निकालांत कोजंट एव्हिडन्स तर नेहमी दिसतं. माणसाला सहसा लावत नाहीत, ही इज कोजंट न लिहिता ही आर्ग्यूड कोजंटली लिहा. गोड बोलून माल गळ्यात मारणारा सेल्समन परस्वेसिव्ह असतो, त्याचं म्हणणं खरं असेलच असं नाही. सिनेमा किंवा गोष्ट धरून ठेवते तेव्हा कम्पेलिंग लिहा, कोजंट मूव्ही कुणी म्हणत नाही.

नाम हवं असेल तर कोजन्सी, तुलनेला मोअर कोजंट, मोस्ट कोजंट. आणि एका निबंधात एकदाच वापरा, तोही जिथे कारणं खरंच दिली असतील तिथेच.