स्किझोफ्रेनियाचे निदान झाल्यावर चयापचय आणि आहाराची बाजू कशी तपासून घ्यावी

घरातल्या तरुण मुलाला किंवा मुलीला स्किझोफ्रेनिया, म्हणजेच छिन्नमनस्कता, असल्याचे मानसोपचारतज्ज्ञांनी सांगितले की पहिल्या काही दिवसांतच घरात एक प्रश्न निघतो : खाण्यापिण्यात काही कमीजास्त झाले म्हणून हे झाले असेल का? हा प्रश्न झटकून टाकण्यासारखा नाही. बहुसंख्य रुग्णांत या आजारामागे अनेक जनुकांचा आणि परिस्थितीचा एकत्रित वाटा असतो. अमुक एक पदार्थ खाल्ल्याने किंवा न खाल्ल्याने तो होत नाही. मात्र चयापचयाचे काही विकार आणि काही जीवनसत्त्वांची कमतरता याच आजाराचे रूप घेऊन समोर येऊ शकते. असे रुग्ण थोडे असले तरी त्यांतल्या अनेकांवर नेमका उपचार आहे, आणि म्हणून ही बाजू सुरुवातीलाच एकदा नीट पाहून घेतली जावी, असे मला ठामपणे वाटते.

कारण सापडेपर्यंत चालू औषधे थांबवू नयेत. शोध आणि औषध या दोन्ही गोष्टी एकाच वेळी चालू शकतात. औषध अचानक तोडल्यास लक्षणे पुन्हा उसळतात आणि मग कोणत्याही तपासणीचा अर्थ लावणे अवघड होते. याउलट, रक्ताचा नमुना देण्याआधी टॉनिक, जीवनसत्त्वाच्या गोळ्या किंवा बी-१२ ची इंजेक्शने सुरू करू नयेत, कारण त्यामुळे मूळची कमतरता झाकली जाते.

एक साधी वही करावी. लक्षणे कधी सुरू झाली, ती हळूहळू वाढली की दोनचार दिवसांत उफाळली, त्याआधी ताप, शस्त्रक्रिया, बाळंतपण, कडक उपवास किंवा झपाट्याने वजन घटवण्याचा प्रयत्न झाला होता का, हे तारखांसह लिहावे. दारू, गांजा, भांग यांचा उल्लेख लाजेपोटी गाळू नये. क्षयरोगाची किंवा स्टेरॉइडची औषधे, दुकानातून आणलेली वजनाची पावडर, लेबल नसलेल्या पुड्या, सगळे लिहावे. आईवडील नात्यातले आहेत का, म्हणजे मामाच्या किंवा आत्याच्या मुलीशी विवाह झालेला आहे का, हेही नोंदवावे, कारण पुढे येणारे काही दुर्मिळ विकार अशा कुटुंबांत अधिक आढळतात.

डॉक्टरांना मुद्दाम सांगण्यासारख्या खुणा वेगळ्या आहेत. स्किझोफ्रेनियात माणसाला बहुधा आवाज ऐकू येतात, पण त्याची शुद्ध शाबूत असते. आज कोणता वार आहे, आपण कुठे आहोत, हे तो सांगू शकतो. दिवसातून अनेकदा शुद्ध कमीजास्त होत असेल, आवाजांपेक्षा दृश्येच अधिक दिसत असतील, फिट आली असेल, औषध सुरू होण्याआधीच हातपाय कापत किंवा ताठरत असतील, बोलणे अडखळत असेल, किंवा आजार बालपणी अथवा चाळिशीनंतर पहिल्यांदा सुरू झाला असेल, तर शरीरात दुसरे काही आहे का हे पाहिलेच पाहिजे.

नेहमीच्या तपासण्या बहुतेक ठिकाणी होतात : रक्ताची पूर्ण मोजणी, साखर, यकृत आणि मूत्रपिंडाचे कार्य, सोडियम, कॅल्शियम आणि थायरॉइडसाठी टीएसएच. थायरॉइड फार मंदावल्याने भ्रम आणि संशय निर्माण होऊ शकतो, हे रिचर्ड अ‍ॅशर या ब्रिटिश डॉक्टरांनी १९४९ मध्येच रुग्णांच्या नोंदींसह मांडले होते.

आपल्याकडे खरे लक्ष द्यावे लागते ते बी-१२ कडे. हे जीवनसत्त्व वनस्पतिजन्य अन्नातून जवळजवळ मिळत नाही. दूध-दही पुरेसे नसलेल्या शाकाहारी घरांत ते सहज कमी पडते, आणि पुण्यात झालेल्या अभ्यासांतही ही कमतरता मोठ्या प्रमाणावर आढळली आहे. संशय, भास, विस्मरण, पायांना मुंग्या, चालताना तोल जाणे, असे त्याचे चित्र असू शकते, आणि हिमोग्लोबिन चांगले असतानाही ते दिसू शकते. त्यामुळे ‘रक्त कमी नाही, म्हणजे बी-१२ ठीक असेल’ हा तर्क चुकीचा आहे. नुसते फॉलिक आम्ल घेतल्यास रक्तक्षय सुधारतो, पण नसांची हानी चालूच राहते. पातळी सीमेवर असेल तर होमोसिस्टीन (बी-१२ कमी पडल्यावर रक्तात वाढणारे अमिनो आम्ल) तपासता येते. त्याचबरोबर एक सावधगिरीही हवी : बी-१२ कमी निघाले म्हणजे आजाराचे कारण सापडलेच, असे नाही. ही कमतरता इतकी सर्रास आहे की ती स्किझोफ्रेनियासोबत निव्वळ योगायोगानेही असू शकते. ती भरून काढावी, आणि मानसिक लक्षणे किती निवळतात ते मानसोपचारतज्ज्ञांनीच ठरवावे.

नायासिनची, म्हणजे बी-३ जीवनसत्त्वाची, गोष्ट दख्खनशी जोडलेली आहे. ज्वारी हेच मुख्य अन्न असलेल्या गरीब लोकांत पेलाग्रा, म्हणजे नायासिनच्या कमतरतेचा आजार, आढळत असे. हैदराबादच्या पोषण संशोधन प्रयोगशाळेतील सी. गोपालन आणि एस. जी. श्रीकांतिया यांनी १९६० मध्ये ज्वारीतील ल्यूसीन या अमिनो आम्लाकडे त्यासाठी लक्ष वेधले. उन्हात उघड्या राहणाऱ्या हातांवर आणि गळ्याभोवती काळपट, खरखरीत त्वचा, जुलाब आणि मनाचा गोंधळ, ही त्याची खूण. डाळ, शेंगदाणे, दूध अशा मिश्र आहारासोबत भाकरी खाणाऱ्याने घाबरण्याचे कारण नाही. आज पेलाग्राचा विचार करावा लागतो तो दीर्घकाळ दारू पिणाऱ्यांत, जुनाट जुलाब असणाऱ्यांत आणि क्षयरोगासाठी आयसोनियाझिड घेणाऱ्यांत.

दुर्मिळ आनुवंशिक विकार सरसकट प्रत्येकात शोधण्यात अर्थ नाही, पण त्यांची लक्षणे कुटुंबाला माहीत असावीत. विल्सन विकारात यकृत आणि मेंदूत तांबे साचते : हस्ताक्षर बिघडते, लाळ गळते, बोलणे बदलते, पूर्वी कावीळ झालेली असते. सेरुलोप्लाझ्मिन (रक्तातील तांबे वाहून नेणारे प्रथिन), २४ तासांच्या लघवीतील तांबे आणि नेत्रतज्ज्ञांकडून बुबुळाच्या कडेवरील तपकिरी वलयाची तपासणी, या तीन गोष्टींनी बरेच कळते. तीव्र पॉर्फिरियात (रक्तातील हीम हा घटक तयार होण्यातील बिघाडात) पोटात असह्य कळा येतात, लघवी ठेवली की गडद लालसर होते आणि त्याच काळात भास होतात. उपवासाने आणि काही औषधांनी हा झटका येतो, आणि लघवीचा नमुना झटका चालू असतानाच, उजेडापासून झाकून द्यावा लागतो. यूरिया चक्राच्या, म्हणजे प्रथिनांपासून तयार होणाऱ्या अमोनियाचा निचरा करणाऱ्या यंत्रणेच्या, विकारात रुग्णाला लहानपणापासून डाळ, अंडी, मांस नकोसे असते आणि प्रथिने जास्त झाल्यावर, उपासमारीनंतर किंवा बाळंतपणानंतर तो गोंधळतो. येथे रक्तातील अमोनिया मोजावा लागतो आणि नमुना बर्फात ठेवून लगेच प्रयोगशाळेत पोहोचवावा लागतो. उंच, सडपातळ बांधा, डोळ्यातील भिंग सरकलेले आणि कमी वयात रक्ताची गुठळी, असे असेल तर होमोसिस्टिन्युरियाचा, म्हणजे शरीरात होमोसिस्टीन साचण्याच्या विकाराचा, विचार करावा.

‘गरोदरपणात मी नीट खाल्ले नाही म्हणून का?’ असे अनेक माता विचारतात. नेदरलँड्समध्ये १९४४-४५ च्या हिवाळ्यात आणि चीनमध्ये १९५९ ते १९६१ या काळात पडलेल्या दुष्काळात गर्भात असलेल्या मुलांमध्ये पुढे स्किझोफ्रेनियाचा धोका सुमारे दुप्पट आढळला, हे खरे आहे. पण शंभरात एकाच्या आसपास असलेला धोका दुप्पट झाला, तरी त्या उपासमारीतून जन्मलेल्या बहुतेक मुलांना हा आजार झाला नाही. डोहाळ्यांत जेवण न जाणे आणि महिनोन्‌महिने अन्नच न मिळणे यांची तुलना होऊ शकत नाही. घरातल्या कोणीही हा दोष आईच्या पदरात टाकू नये.

गव्हाविषयीची शंका जुनी आहे. एफ. कर्टिस डोहान यांनी १९६६ मध्ये युद्धकाळातील गव्हाचा वापर आणि रुग्णालयांतील भरती यांचा संबंध मांडला होता. आज इतकेच म्हणता येते की काही रुग्णांत ग्लायडिन या गव्हातील प्रथिनाविरोधी प्रतिपिंडे आढळतात आणि त्यांनाच गहू सोडून फायदा होतो का, यावर लहान चाचण्या झाल्या आहेत. सतत जुलाब, पोटफुगी किंवा लोहाची न भरून येणारी कमतरता असेल तर सीलिअ‍ॅक आजाराची, म्हणजे गव्हातील ग्लूटेनमुळे आतड्याला इजा होणाऱ्या विकाराची, रक्ततपासणी करावी, पण ती गहू खाणे चालू असताना. पोळी आधीच बंद केली तर निकाल खोटा ‘निर्दोष’ येऊ शकतो. नायासिनच्या प्रचंड मात्रेचा उपचार १९५० च्या दशकात कॅनडात हॉफर आणि ऑसमंड या मानसोपचारतज्ज्ञांनी पुढे आणला. अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या समितीने १९७३ मध्ये त्याला आधार नसल्याचे सांगितले, आणि अशा मात्रेने यकृताला इजा होऊ शकते. कीटोजेनिक, म्हणजे अगदी कमी कर्बोदके आणि भरपूर चरबी असलेल्या, आहारावर २०२४ मध्ये स्टॅनफर्डमधून २१ जणांचा अभ्यास प्रसिद्ध झाला, परंतु त्यात तुलनेसाठी दुसरा गट नव्हता आणि रुग्णांची औषधे चालूच होती. ही उत्सुकता वाढवणारी सुरुवात आहे. घरी व्हिडिओ पाहून करण्याचा प्रयोग नव्हे.

तपासण्या आटोपल्या तरी वही बंद करू नये, कारण चयापचयाचा प्रश्न पुढे दररोजचा होतो. औषध सुरू होण्याआधीच काही रुग्णांत इन्सुलिनचा प्रतिरोध आढळतो, आणि ओलान्झापिन व क्लोझापिन या स्किझोफ्रेनियावरील औषधांनी भूक, वजन आणि साखर वेगाने वाढू शकते. पहिल्या दिवशीच वजन, कंबरेचा घेर, उपाशीपोटीची साखर, एचबीएवनसी (मागील सुमारे तीन महिन्यांची सरासरी साखर) आणि रक्तातील चरबीची तपासणी करून घ्यावी. वजन पहिले सहा आठवडे दर आठवड्याला लिहावे, रक्ततपासणी तीन महिन्यांनी आणि मग वर्षातून एकदा तरी करावी. कंबर पुरुषांत ९० आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटरच्या वर गेली, किंवा वजन मूळच्या सात टक्क्यांनी वाढले, तर पुढच्या भेटीची वाट न पाहता डॉक्टरांना सांगावे. त्यासाठी मेटफॉर्मिन हे मधुमेहाचे औषध दिले गेल्यास वर्षभराने बी-१२ पुन्हा तपासावे, कारण ते औषध त्याची पातळी घटवते.

औषधे आणि ताट यांचा संबंधही विचारून घ्यावा. लुरासिडोन हे स्किझोफ्रेनियावरील औषध रिकाम्या पोटी घेतल्यास नीट शोषले जात नाही. किमान ३५० कॅलरींच्या जेवणासोबत ते घ्यावे लागते, आणि एकादशीला किंवा नवरात्रात उपवास करणाऱ्याने त्याची सोय आधीच ठरवावी. क्लोझापिन घेणाऱ्याने सिगारेट किंवा विडी अचानक सोडली, अथवा चहा-कॉफी एकदम वाढवली, तर औषधाची रक्तातील पातळी चढते. असा बदल करण्यापूर्वी डॉक्टरांना कळवावे. याच औषधाने होणारा बद्धकोष्ठ जिवावर बेतू शकतो, म्हणून पालेभाजी, कोशिंबीर आणि पाणी यांकडे लक्ष द्यावे, आणि तीन दिवस शौचाला झाले नाही किंवा पोट फुगून दुखू लागले तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.