आयबीजीपी सेशन चालू, तरी पलीकडे पिंग नाही: कुठे बघायचं

समजा सातारा, कराड आणि सांगली असे तीन राउटर एका रांगेत आहेत. बाहेरचं अपस्ट्रीम (इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीची लिंक) सांगलीत उतरतं, तिन्हींचा एएस (एका संस्थेच्या ताब्यातलं नेटवर्क) एकच, म्हणून त्यांच्यात आयबीजीपी (बाहेरचे रूट सांगणाऱ्या बीजीपीचा, एकाच एएसमधल्या राउटरांसाठीचा प्रकार) आणि खाली ओएसपीएफ (आतल्या वाटा शोधणारा प्रोटोकॉल). साताऱ्याच्या ग्राहकाला इंटरनेट मिळत नाही. अशा वेळी लोक आधी बीजीपीचं कॉन्फिग खोदत बसतात, पण दोष बहुतेकदा खालच्या ओएसपीएफमध्ये किंवा नेक्स्ट-हॉपमध्ये (पॅकेट पुढे ज्या पत्त्याकडे द्यायचं तो) असतो. तपासाला तिथूनच हात घालावा.

साताऱ्यावरून सांगलीच्या लूपबॅकला (राउटरचा स्वतःचा, कुठल्याही लिंकला न बांधलेला पत्ता) पिंग करा, पण सोर्स म्हणून स्वतःचा लूपबॅक द्या. नुसता पिंग लिंकच्या आयपीवरून निघतो, त्यामुळे परतीची वाट बिघडलेली असली तरी कळत नाही. पिंग गेला नाही तर दोन्ही लूपबॅकचे /३२ (म्हणजे त्या एकाच पत्त्याचे) रूट तिन्ही राउटरांच्या टेबलमध्ये आहेत का ते बघा. ते येईपर्यंत बीजीपीला हात लावू नका.

मग 'शो आयपी बीजीपी समरी' द्या (इथल्या कमांड सिस्कोच्या आहेत). शेवटच्या रकान्यात आकडा असेल तर सेशन उभं आहे. 'ॲक्टिव्ह' दिसलं तर खूश होऊ नका, राउटर अजून प्रयत्नच करतोय. टीसीपी १७९ (बीजीपीचं पोर्ट) कुठल्या एसीएलमध्ये (पॅकेट अडवायच्या नियमांच्या यादीत) अडतोय का आणि 'अपडेट-सोर्स लूपबॅक' (सेशन लूपबॅकच्या पत्त्यावरून काढायची सूचना) दिलंय का ते तपासा. अपडेट-सोर्स एकाच बाजूला दिलं तरी सेशन कधीकधी उभं राहतं, कारण त्या बाजूने आलेलं कनेक्शन जुळतं. म्हणूनच ही चूक लपून राहते. दोन्हीकडे द्याच.

सेशन उभं आहे, प्रीफिक्स (बाहेरच्या पत्त्यांचे गट) आलेत, तरी रूट टेबलमध्ये नाही? सगळ्यात जास्त वेळ इथेच जातो. साताऱ्यावर 'शो आयपी बीजीपी २०३.०.११३.०' द्या (हा बाहेरच्या प्रीफिक्सचा नमुना). उत्तरात '१९८.५१.१००.१ इनॲक्सेसिबल' असं दिसलं की दुखणं सापडलं. हा पत्ता अपस्ट्रीमच्या राउटरचा आहे. बाहेरून शिकलेला रूट आयबीजीपीने पुढे देताना नेक्स्ट-हॉप बदलत नाही, आणि सांगली-अपस्ट्रीममधला /३० (त्या लिंकचा छोटा पत्ता-गट) ओएसपीएफमध्ये नसेल तर साताऱ्याला तो पत्ता कुठे आहे हेच ठाऊक नसतं. 'शो आयपी बीजीपी'च्या यादीत अशा रूटपुढे तारा (*) असतो, बाण (>, म्हणजे निवडलेला रूट) नसतो. सांगलीवर आतल्या दोन्ही नेबरना 'नेक्स्ट-हॉप-सेल्फ' (नेक्स्ट-हॉप म्हणून स्वतःचाच पत्ता सांगायचा) द्या आणि मग 'क्लिअर आयपी बीजीपी * सॉफ्ट आउट' करा. 'सॉफ्ट आउट' विसरलात तर सगळी सेशनं पडतील, आणि संध्याकाळच्या गर्दीत ते परवडत नाही. तो /३० पॅसिव्ह करून (त्या लिंकवर ओएसपीएफचा शेजारी न जोडता) ओएसपीएफमध्ये घेतला तरी चालतं, पण अपस्ट्रीम वाढले की नेक्स्ट-हॉप-सेल्फच सोपं पडतं.

प्रीफिक्स साताऱ्यापर्यंत पोचतच नसतील तर सेशनं कशी जोडलीत ते बघा. सातारा-कराड आणि कराड-सांगली एवढीच असतील, तर आयबीजीपीकडून शिकलेला रूट कराड दुसऱ्या आयबीजीपी नेबरला देणार नाही. लूप टाळण्यासाठीचा तो नियमच आहे. सातारा-सांगली थेट सेशन टाका, किंवा कराडवर दोघांना 'रूट-रिफ्लेक्टर-क्लायंट' करा, म्हणजे कराड रिफ्लेक्टर होऊन एकाचे रूट दुसऱ्याला देईल. तीन राउटरांना तीन सेशनं पुरतात, पण दहांना ४५ लागतात. तेव्हा रिफ्लेक्टरच बरा. मात्र सिस्कोवर रिफ्लेक्टरला साधं नेक्स्ट-हॉप-सेल्फ दिलं तरी परावर्तित रूटचा नेक्स्ट-हॉप बदलत नाही. ते काम सांगलीवरच करायचं.

उलट प्रकारही होतो: साताऱ्याचं टेबल बरोबर, पण ट्रेसराउट कराडला संपतो. कराडवर बीजीपी चालूच नसेल तर त्याला बाहेरचे पत्ते माहीत नसतात, तो पॅकेट टाकून देतो. वाटेतल्या प्रत्येक राउटरवर बीजीपी हवं, नाहीतर एमपीएलएस (लेबल लावून पॅकेट पुढे नेणारी पद्धत). पूर्ण टेबल ओएसपीएफमध्ये रिडिस्ट्रिब्यूट करू नका. दहा लाखांच्या घरातले रूट तो पेलत नाही.

सेशन उभं राहून दर तीन मिनिटांनी होल्ड टायमर (समोरून काही आलं नाही तर वाट बघायची मुदत) संपून पडत असेल, तर एमटीयू (लिंकवरून जाणाऱ्या पॅकेटची कमाल लांबी) बघा. छोटे संदेश जातात, मोठा अपडेट अडकतो, त्याच्यामागे कीपअलाइव्हही (सेशन जिवंत असल्याचे संदेश) अडकतात आणि १८० सेकंदांनी सेशन पडतं. लूपबॅक सोर्स धरून १५०० बाइटचा पिंग 'डीएफ-बिट' (पॅकेट तोडू नका ही खूण) लावून करा. अडला तर आकडा कमी करत कितीवर जातो ते शोधा, आणि भाड्याच्या लिंकवर एमटीयू किती दिलाय ते त्या पुरवठादाराला विचारा.