धातूला बांधलेले गंधक आणि सिंगलेट ऑक्सिजन : अभिक्रिया कशी तपासावी

तासगावकडून सांगलीला एम.एस्सी.साठी येणारे, घरी द्राक्षबाग असलेले विद्यार्थी प्रकल्पाचा विषय ठरवताना मला विचारतात, की पानावर वाळून बसलेल्या एम-४५ या बुरशीनाशकाच्या (मॅन्कोझेबच्या) पिवळसर ठिपक्यांचे उन्हात पुढे काय होते. प्रश्न मोलाचा आहे, कारण मॅन्कोझेबमध्ये मँगनीज आणि जस्त डायथायोकार्बामेट या गंधकयुक्त गटाच्या गंधकाशी बांधलेले असतात. तरीही सुरुवात त्यापासून करू नये. ते बहुवारिक (पॉलिमर) आहे, पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, आणि न विरघळणाऱ्या पदार्थाचा वर्णपट नीट घेता येत नाही. आधी रचना पक्की माहीत असलेले विद्राव्य संयुग हाताळावे. कोबाल्ट(३) ला दोन एथिलीनडायअमाइन आणि एक अमिनोइथेनथायोलेट (थायोलेट म्हणजे हायड्रोजन गमावलेला गंधकाचा गट) जोडलेले जुने, चांगले अभ्यासलेले संयुग यासाठी मला सर्वांत सोयीचे वाटते, कारण त्यातील धातू आपले बंध सहज सोडत नाही.

सिंगलेट ऑक्सिजन म्हणजे प्रकाश शोषणाऱ्या पदार्थाने ऊर्जा दिल्यावर बनणारे ऑक्सिजनचे उत्तेजित रूप. त्याची ऊर्जा नेहमीच्या ऑक्सिजनपेक्षा मोलमागे सुमारे ९४ किलोज्यूल जास्त असते आणि तो गंधकावरील इलेक्ट्रॉनांच्या एकाकी जोडीकडे ओढला जातो. मोकळ्या थायोलेटचे ऑक्सिडीकरण होताना दोन गंधक जोडले जाऊन डायसल्फाइड सहज बनते. धातूने धरलेल्या गंधकाला ती वाट अवघड असल्याने ऑक्सिजन गंधकावरच बसतो : एक अणू बसला तर सल्फेनेट, दोन बसले तर सल्फिनेट. नावे इतकी जवळची आहेत की प्रयोगवहीत ती पूर्ण आणि स्पष्ट लिहावीत.

मात्र सिंगलेट ऑक्सिजन नाहीसा झाला म्हणजे अभिक्रिया झाली, असे होत नाही. धातूचे संयुग त्याची ऊर्जा काढून घेऊन त्याला पुन्हा साधा ऑक्सिजन करू शकते आणि स्वतः जसेच्या तसे राहू शकते. यालाच भौतिक शमन म्हणतात. निकेलची डायथायोकार्बामेटे प्लॅस्टिक टिकवण्यासाठी वापरली जातात, त्यामागे हा गुणही आहे. म्हणून एकूण शमनाचा वेग आणि रासायनिक अभिक्रियेचा वेग वेगवेगळे मोजावेच लागतात.

संवेदक, म्हणजे प्रकाश शोषून ती ऊर्जा ऑक्सिजनला देणारा रंग, म्हणून मिथिलीन ब्लू घ्यावा. तो ६६४ नॅनोमीटरच्या आसपास लाल प्रकाश शोषतो, त्यामुळे लाल एलईडी वापरल्यास कोबाल्टचे संयुग स्वतः फारसे उत्तेजित होत नाही. पांढऱ्या दिव्याखाली केलेल्या प्रयोगात संवेदकाने काय केले आणि संयुगाच्या स्वतःच्या प्रकाशशोषणाने काय केले, हे नंतर कोणालाच सांगता येत नाही. द्रावणातून शुद्ध ऑक्सिजनऐवजी हवेचे बुडबुडे सोडले तरी पुरते, आणि सेंद्रिय द्रावक असेल तर तेच सुरक्षित आहे. कुपी पाण्याच्या भांड्यात ठेवून तापमान स्थिर राखावे.

ताडून पाहण्यासाठी चार कुप्या बाजूला ठेवाव्यात : एक अंधारात, एक संवेदकाविना, एक नायट्रोजनने ऑक्सिजन घालवलेली, आणि एक जड पाण्यात (हायड्रोजनऐवजी ड्यूटेरियम असलेल्या पाण्यात). साध्या पाण्यात सिंगलेट ऑक्सिजन सुमारे ३.५ मायक्रोसेकंद टिकतो, तर जड पाण्यात साठाहून अधिक, त्यामुळे जड पाण्यात अभिक्रिया वेगाने झाली तर तो सिंगलेट ऑक्सिजनचा भक्कम पुरावा ठरतो. मात्र संयुगाची संहती इतकी जास्त असेल की बहुतेक सिंगलेट ऑक्सिजन तेच शमवत असेल, तर हा फरक दिसणारच नाही. म्हणून द्रावण विरल ठेवावे. पावसाळ्यात सांगलीच्या दमट हवेत जड पाण्याची बाटली उघडी राहिली की ते साधे पाणी ओढून घेते, हेही ध्यानात असावे. सोडियम अझाइडने सिंगलेट ऑक्सिजन शमवून पाहण्याची रीत प्रचलित आहे, पण ते विषारी आहे, आम्लात घातक वायू सोडते आणि अनेक धातूंना स्वतःच जाऊन चिकटते. धातूंच्या प्रयोगात मी ते टाळतो.

आता उत्पादिताची ओळख. मूळ थायोलेटचा प्रकाशशोषणाचा ठळक पट्टा २८२ नॅनोमीटरला, सल्फिनेटचा २८८ च्या आसपास आणि सल्फेनेटचा ३६५ च्या आसपास असतो. पहिले दोन इतके जवळ आहेत की केवळ २८२ वर नजर ठेवल्यास फसगत होते. शिवाय मिथिलीन ब्लूही २९० च्या आसपास शोषतो. आमच्या एका गटाने एकदा संवेदकाचा निळा रंग उडाला तोच अभिक्रियेचा पुरावा मानला होता आणि दोन आठवड्यांचे काम वाया गेले; रंग उडाला होता तो मिथिलीन ब्लू स्वतः विघटित झाल्याने. म्हणून ६६४ चे वाचनही दर वेळी नोंदवावे. तुलनेसाठी अस्सल नमुने आधीच बनवून ठेवावेत : आम्लयुक्त द्रावणात हायड्रोजन पेरॉक्साइडचे एकच सममूल्य दिल्यास सल्फेनेट मिळते, आणखी दिल्यास ते सावकाश सल्फिनेटकडे जाते.

एकूण शमनाचा वेग थेट मोजायचा तर १२७० नॅनोमीटरला सिंगलेट ऑक्सिजनचा क्षीण प्रकाश टिपणारे उपकरण लागते. ते नसल्यास अँथ्रासीनपासून बनवलेला, पाण्यात विरघळणारा सापळा (सिंगलेट ऑक्सिजनशी अभिक्रिया करून स्वतः संपत जाणारा पदार्थ) घ्यावा आणि संयुगाच्या वाढत्या संहतीने त्याचा क्षय किती मंदावतो ते पाहावे. उत्पादित साचण्याआधीची पहिली काही वाचनेच त्यासाठी धरावीत. हा वेग आणि उत्पादितावरून काढलेला रासायनिक वेग एकाच द्रावकात, एकाच तापमानाला मोजलेले असावेत. त्यांतील अंतर म्हणजेच भौतिक शमन, आणि तो आकडा प्रबंधात स्वतंत्र स्तंभात द्यावा.